बादली त्याला परत द्या

तासगावचे एक द्राक्षबागायतदार लिहितात : मुलगा अकरावी सायन्सला आहे. भौतिकशास्त्रात ७१, जीवशास्त्रात ५४. रंगाच्या रिकाम्या बादलीला एका बाजूला भोक पाडून, दुसऱ्या बाजूला पडदा ताणून तासन्‌तास धुराची वलयं सोडतो, वहीत काहीबाही लिहितो. बादली मी कुलपात ठेवली. गणित सोडायला लावून नीटसाठी लातूरला पाठवू का? या शंभर वर्षं जुन्या खेळात पुढे काय आहे?

नमस्कार.

पत्रात गुण आहेत, क्लासची फी आहे, तुमची काळजी आहे. मुलाला काय हवंय, याची एक ओळ नाही. त्याचं एकच वाक्य तुम्ही वहीतून उतरवलंय, तेही तक्रार म्हणून : ‘पडदा जास्त खोल दाबला तरी वलय मोठं होत नाही, मागे शेपटी राहते.’

साहेब, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मोर्तेझा घरीब आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये नेमकं हेच पाण्यात मोजून प्रसिद्ध केलं. ज्या तोंडातून प्रवाह सुटतो त्याच्या व्यासाच्या साधारण चौपट लांबीचा प्रवाह बाहेर पडेपर्यंतच वलय वाढतं. त्यापुढचा त्यात मावत नाही, मागे झोत बनून राहतो. भोक ८ सेंटिमीटरचं असेल तर ही मर्यादा ३२ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १.६ लिटर हवा. तुमच्या मुलाला ही शेपटी कुणी न सांगता दिसली. तुम्ही त्याला कुलूप लावलंत, याचं मला वाईट वाटलं.

राहिला ‘जुना खेळ’. धुराचं वलय हा एक भोवराच, आणि जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं भोवऱ्यांचं गणित १८५८ मध्ये मांडलं हे खरं. १८६७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ टेटनं एडिंबरात पेटीतून धुराची वलयं सोडून दाखवली आणि भौतिकशास्त्रज्ञ केल्विननं अणू म्हणजे अशीच वलयं असावीत अशी कल्पना मांडली. अणूची ती कल्पना गेली, वलयं राहिली. हृदयाचा डावा खालचा कप्पा भरताना झडपेतून येणारं रक्त असंच वलय करतं, आणि त्यावर आजही संशोधन चालू आहे. तुमच्या बागेतल्या ब्लोअरची हवा औषधाचे थेंब पानांपर्यंत नेते, तेही याच शास्त्राचं काम. यासाठी बी.एस्सी. फिजिक्सच करावं लागतं असंही नाही. प्रवाहाचा अभ्यास मेकॅनिकल, एरोस्पेस आणि केमिकल इंजिनिअरिंगमध्ये जास्त खोलात होतो.

म्हणून गणित अजिबात सोडू नका. त्याशिवाय इंजिनिअरिंगसाठी लागणारा सीईटीचा पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गट देता येत नाही आणि हे शास्त्रही शिकता येत नाही. सीईटी, जेईई, आयसर या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा हे रस्ते कॉलेजात समजतील. सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजही सीईटीच्या टप्प्यात आहे. नीट त्यानं स्वतः मागितली तरच. ५४ गुणांच्या विषयात दोन वर्षं ढकलून डॉक्टर घडत नाही.

घरात धूर नको असेल तर काचेची टाकी, तोंड कापलेली सिरिंज आणि खाण्याचा रंग आणून द्या. दांडा किती सरकला ते पट्टीनं थेट मोजता येतं. कापलेली कड घासून गुळगुळीत हवी, नाहीतर वलय डगमगून लवकर फुटतं. रंगाचं आणि टाकीतलं पाणी एकाच तापमानाचं ठेवायचं. फरक पडला तर वलय वर किंवा खाली वळतं. अमोनिया आणि आम्लाच्या वाफांनी दाट धूर करायची जुनी पद्धत मात्र घरी नकोच.

बादली आजच परत द्या, आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या.