नाव लपवून ब्लॉग लिहू का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही गोव्यात पेडण्याला राहता, मुलं नऊ आणि चार वर्षांची. घरसंसार, मोबाइल-इंटरनेट आणि आजूबाजूच्या घडामोडींवर मराठीत ब्लॉग लिहायची इच्छा आहे. नवऱ्याचं म्हणणं, घरातलं चव्हाट्यावर कशाला. म्हणून नाव लपवून लिहिलं तर चालेल का, आणि हल्ली असलं कुणी वाचतं का, असं विचारलंत.

मी २०१३ पासून लिहितेय. राहते फोंड्याच्या बाजूला, सासरचं मूळ घर शिरोड्याकडे. नाव लपवून लिहायचा प्रयोग मी करून बसलेय, म्हणून आधी त्याचंच सांगते.

पहिली दोन वर्षं मी ‘एक आई’ या नावाने लिहायचे. गावाचं नाव नाही, माणसांची नावं नाहीत, नवऱ्याचा उल्लेख ‘हे’ एवढाच. आपण फार हुशार आहोत असं वाटायचं. २०१४ च्या चवथीनंतर (म्हणजे गणेश चतुर्थीनंतर) मी एक लेख टाकला. चवथीला मूळ घरी चाळीसेक माणसं जमतात आणि त्यांचं रांधून काढताना स्वयंपाकघरात दोन जावांमध्ये काय काय होतं, ते मी अगदी रंगवून लिहिलं होतं. सोबत माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या फळा-फुलांच्या छताचा फोटो. फोटोत माणूस एकही नव्हता. नारळाची पेण, सुपारीचे घड, कांगलां, घागऱ्यो, कवंडळां, बस्स. पण आमचे भावोजी माटोळी बांधताना दरवर्षी फळांतून काहीतरी आकृती करतात आणि त्या वर्षीचा मोर बघायला अर्धा वाडा येऊन गेला होता. तिसऱ्या दिवशी माझ्या जाऊबाईंच्या माहेरून फोन आला, ‘तुमच्या घरची माटोळी इंटरनेटवर आलीय, वाचलंस का खाली काय लिहिलंय?’

जाऊबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पुढच्या चवथीला मात्र विळीवर बसून नारळ खोवण्यापलीकडे एकही काम माझ्या वाट्याला आलं नाही. सलग तीन वर्षं. कढईजवळ मला कुणी फिरकू दिलं नाही.

गोवा एवढासा. मुंबईत ‘एक आई’ म्हटलं तर लाखोंतली कोणीही असू शकते. इथे तुम्ही लिहिलंत की घर देवळाच्या मागे, नवरा बँकेत, मोठी मुलगी अमुक इयत्तेत, की वाचणारीने बोटांवर मोजून तुमचं आडनाव काढलंच म्हणून समजा. म्हणून माझं मत, नाव लावून लिहा. नाव लावलं की हात आपोआप आखडतो आणि ते बरं असतं. जे वाक्य जाऊबाईंच्या समोर बसून वाचता येणार नाही ते लिहिलं जात नाही. तुमच्या नवऱ्याच्या भीतीवरही मला हाच उपाय दिसतो. पहिले चार लेख टाकण्याआधी त्यांना वाचून दाखवा. माझे ‘हे’ सुरुवातीला नाक मुरडायचे, आता ऱ्हस्व-दीर्घ तपासतात.

मुलांचा प्रश्न वेगळा. जाऊबाई निदान मोठ्या आहेत, रुसू शकतात. २०१७ मध्ये माझा मुलगा आठ वर्षांचा होता. मूळ घरी गेलं की रात्री मागच्या दारी जायला घाबरायचा, मला उठवायचा. मला ते गोड वाटलं आणि मी लिहिलं. त्याच्या वर्गातल्या एका मुलाच्या आईने वाचलं, कौतुकानेच व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलं आणि आठवड्याभरात वर्गात त्याला टोपणनाव पडलं. ते टोपणनाव इथे लिहीत नाही, त्याने मनाई केलीय. घरी येऊन त्याने दप्तर टाकलं आणि म्हणाला, “आई, तुवें म्हजेविशीं कित्याक बरयलें?” म्हणजे, माझ्याबद्दल का लिहिलंस? (आम्ही घरात कोंकणी बोलतो आणि मी लिहिते मराठीत. गोव्याबाहेरच्यांना याचं आश्चर्य वाटतं, तुम्हाला वाटणार नाही.) मी लेख त्याच रात्री उडवला. उपयोग शून्य. ग्रुपवरचे स्क्रीनशॉट मी कसे उडवणार?

तेव्हापासून मुलांबद्दलची ओळ मी मुलांना वाचून दाखवते आणि ते ‘नको’ म्हणाले की ओळ जाते, कारण विचारायचं नाही. मुलगा आता सोळाचा आहे आणि हा अधिकार तो जरा जास्तच वापरतो, तो भाग वेगळा. तुमचं चार वर्षांचं मूल ‘नको’ म्हणू शकत नाही. त्याच्याबाबत मी एवढंच बघेन, की ही गोष्ट ते पंधरा वर्षांचं झाल्यावर वर्गात कुणी मोठ्याने वाचली तर त्याला कसं वाटेल. हगणं-मुतणं, आजारपण, मार्क, मार, रडणं, हे सगळं यात वगळलं जातं. मग उरतं काय, असं वाटेल. भरपूर उरतं.

याबाबतीत परदेशातल्या आया आपल्यापुढे वीस वर्षं आहेत, त्यांच्या चुका आयत्या शिकायला मिळतात. अमेरिकेत हेदर आर्मस्ट्राँग नावाच्या बाईने २००१ मध्ये ‘डूस’ नावाने लिहायला सुरुवात केली. ऑफिसमधल्या माणसांवर लिहिलं म्हणून २००२ मध्ये तिची नोकरी गेली. तिथल्या इंग्रजीत ब्लॉगपायी नोकरी जाण्याला ‘डूस्ड’ असा शब्दच रूढ झाला. पुढे मूल झाल्यावर बाळंतपणानंतरच्या नैराश्याबद्दल तिने इतकं मोकळेपणाने लिहिलं की हजारो बायकांना आपण एकट्या नाही हे कळलं. ती २०२३ मध्ये गेली. मला तिच्या लिखाणात दोन ढीग स्पष्ट दिसतात. स्वतःच्या आजारपणाबद्दल लिहिलं ते तिचं होतं, ते सांगायचा तिला पूर्ण हक्क होता. मुलींच्या बालपणाबद्दल लिहिलं ते तेवढं तिचं होतं का, याबद्दल मी साशंक आहे. कायदेही आता याच वाटेने निघालेत. फ्रान्सने २०२० मध्ये व्हिडिओतून कमावणाऱ्या मुलांसाठी कायदा केला आणि २०२४ मध्ये मुलांच्या छायाचित्रांवरच्या हक्काचा आणखी एक. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १ जुलै २०२४ पासून कुटुंबाच्या व्हिडिओंतून पैसे मिळत असतील तर त्यातला वाटा मुलासाठी बाजूला ठेवावा लागतो. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला कंपनीने पालकांची संमती घ्यायची आहे. आणि फोटो टाकणारी आईच असेल तर? तिथे मुलाच्या बाजूने बोलणारं घरात दुसरं कोण आहे?

आता घडामोडी. इथे बहुतेक जणी चुकतात असं मला वाटतं, कारण त्या पेपरासारखं लिहायला जातात. ‘गोमन्तक’, ‘नवप्रभा’, ‘तरुण भारत’ सकाळी घरात येतातच, तीच बातमी दुपारी तुमच्याकडून कशाला कुणी वाचेल?

जुलै २०१८ आठवा. मडगावच्या घाऊक मासळी बाजारात तपासणी झाली, मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे घातक रसायन वापरल्याची बातमी फुटली, मागोमाग प्रमाण मर्यादेत असल्याचा खुलासा आला, मग बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंदच असते, म्हणजे तेव्हाची बरीचशी मासळी बाहेरचीच. व्हॉट्सॲपवर लिंबू पिळून फॉर्मेलिन ओळखण्यापासून काय काय फिरत होतं. मी त्यातलं काहीच लिहिलं नाही, मला रसायनशास्त्र येत नाही. मी लिहिलं ते आमच्या दारातलं. एक मासळीवाली आमच्याकडे वीस वर्षं येत होती. त्या आठवड्यात तिची टोपली कुणी उघडूसुद्धा देईना. माझ्या सासूबाईंनीही नको म्हणून हात हलवला, तेव्हा ती पायरीवर बसली आणि म्हणाली, “बाय, हांव तुका वीख दितां?” (बाई, मी तुला विष देते का?) मग आमच्या घरी काय शिजलं, पुरमेंताची (पावसाळ्यासाठी साठवलेली) सुकी मासळी किती दिवस पुरली, अळसांद्याच्या तोणाकाला (चवळीच्या उसळीला) मुलांनी कशी तोंडं केली, आणि शेवटी सासूबाईंनीच तिला हाक मारून खाडीतल्या थोड्या तिसऱ्या (शिंपल्या) कशा घेतल्या, एवढंच. तो लेख अजून वाचला जातो. ती बाई, ती पायरी, ते वाक्य कुठल्याही पेपरात आलं नव्हतं. (तिला विचारून लिहिलं होतं. ती म्हणाली, बरय बाय, पण म्हजें नांव घालूं नाका, म्हणजे माझं नाव घालू नकोस.)

तसंच २०२५ मध्ये गोव्यात सहावी ते दहावीचं वर्ष ७ एप्रिललाच सुरू झालं, त्यावर धोरण म्हणून भांडणारे पुष्कळ होते. ज्या आईने एप्रिलच्या उकाड्यात वह्यांना कव्हरं घातली आणि माहेरी जायचे दिवस मोजून घेतले, तिचं वाचायला मला आवडलं असतं.

तंत्रज्ञानाचंही तेच. नवा फोन कुठला घ्यावा हे सांगायला दहा हजार मुलगे बसलेत. पण २०२० मध्ये शाळा मोबाइलवर भरायला लागली, घरात फोन एक आणि मुलं दोन, तेव्हा कोणत्या मुलाचा तास बुडवायचा हे आयाच ठरवत होत्या. सांगे-सत्तरी या आतल्या तालुक्यांतली मुलं रेंजसाठी टेकडीवर चढून बसायची, ती छत्री धरून कोण उभं असायचं? माझा सगळ्यात जास्त पुढे पाठवला गेलेला लेख कोणता, सांगू? ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज सासूबाईंना आला तेव्हाचा. त्यांनी फोन लावला, पलीकडच्याने एक ॲप घालायला सांगितलं, आणि त्यांचं अडलं कुठे, तर चष्मा सापडेना. तेवढ्यात मी पोचले. पैसे वाचले ते चष्म्यामुळे. खाली मी एवढंच जोडलं होतं, की पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, जेवढा उशीर तेवढी ती रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. या वयाच्या बायकांना हे समजावणाऱ्या लेखांची खरी गरज आहे, आणि ते आपल्या भाषेत, आपल्या घरातल्या उदाहरणाने सांगावे लागतात.

यंत्रातलं थोडं. गूगलचं ब्लॉगर फुकट आहे, सुरुवातीला तेच पुरे. सेटिंगमध्ये जाऊन अधूनमधून सगळ्या लेखांची प्रत उतरवून घ्या, मी एकदा घेतली नव्हती आणि एका चुकीच्या बटणात पाच लेख गमावले. मराठी टाइप करायचा कंटाळा असेल तर जीबोर्डवर (फोनमधल्या गूगलच्या कीबोर्डवर) बोलून लिहा. मराठी आवाज त्याला २०१७ पासून कळतो, कोंकणी नावांची मात्र तो वाट लावतो. मुलांचे फोटो टाकणारच असाल तर पाठमोरे टाका, शाळेचा बिल्ला आणि गाडीचा नंबर दिसू देऊ नका. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद करा, नाहीतर फोटो कुठे काढला ते अक्षांश-रेखांशासकट त्या फाइलमध्येच बसतं. व्हॉट्सॲपवर फोटो नुसता फोटो म्हणून गेला तर ते गळून पडतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर सगळं जसंच्या तसं जातं. पैशांचा विचार पहिली काही वर्षं करूच नका. मला वर्षाला जे मिळतं त्यात चवथीच्या एका दिवसाची फुलं येतात.

कोण वाचतं? पहिल्या वर्षी माझी मावसबहीण वाचायची, आणि जाऊबाईंचं माहेर. आता दुबईत आणि पुण्यात असलेल्या गोंयकार बायका जास्त वाचतात, बहुतेक रात्री मुलं झोपल्यावर.

तुम्ही पेडण्याच्या, म्हणजे विषय तर डोक्यावरून उडतोय. तुमच्याकडच्या मोपाच्या नव्या विमानतळावर ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरायला लागली. त्याआधी मुलीला शाळेत सोडायचा रस्ता कसा होता आणि आता कसा आहे, शेजारच्या किती घरांनी खोल्या भाड्याने दिल्या, रात्री धाकट्याची झोप मोडते का, हे तुमच्याशिवाय कोण लिहिणार? पहिला लेख त्यावर लिहा. टाकलात की इथेच खाली दुवा द्या. धाकटा विमानाला काय म्हणतो तेवढं फक्त त्यात घालू नका, ते तो मोठा झाला की त्याला लिहू दे.