मेटारमधले दोन हजार फूट कुठून मोजायचे?

प्रश्न : पुण्याच्या मेटारमध्ये (विमानतळावरच्या हवेच्या नियमित नोंदीत) दृश्यमानता 6000 मीटर आणि ढग ‘ब्रोकन 020’ (निम्म्याहून जास्त आकाश झाकणारे) होते. नियमात बसत असूनही प्रशिक्षकांनी घाटाकडचे व्हीएफआर (बाहेर डोळ्यांनी पाहत करायचे) उड्डाण रद्द केले. का?

मेटारमधली ढगांची उंची विमानतळाच्या जमिनीपासून मोजलेली असते, तुमच्या नकाशावरची उंची समुद्रसपाटीपासून. लोहगावची धावपट्टी सुमारे 1940 फुटांवर आहे. 020 म्हणजे 2000 फूट, तेव्हा ढगांचा तळ आला 3940 फुटांवर. सिंहगडाचा माथा 4300 फुटांच्या आसपास, म्हणजे गड ढगात गेलेला. त्यातून ढगाखाली हजार फूट अंतर राखायचे तर 2940च्या वर जाता येत नाही आणि नैर्ऋत्येला जमीन चढतच जाते. विमानतळावर ढगांचा तळ (सीलिंग) जमिनीपासून 1500 फुटांच्या वर आणि दृश्यमानता 5 किलोमीटरच्या वर असल्याने उड्डाणाला परवानगी मिळाली असती, पण ती धावपट्टीच्या परिसरापुरती. त्याच दिवशी पूर्वेला भीमेच्या खोऱ्यात जाणे कदाचित जमले असते.

एकच मेटार पाहून निर्णय घेऊ नका. अर्ध्या अर्ध्या तासाचे मागचे चार काढा. तापमान आणि दवबिंदू यांच्यातले अंतर 4 वरून 3, 3 वरून 2 होत असेल, तर ढग खाली येत आहेत असे समजा. क्यूएनएचही (समुद्रसपाटीला धरून काढलेला हवेचा दाब, हेक्टोपास्कलमध्ये) पाहा. पावसाळ्यात तो 1003 असताना अल्टिमीटरवर (उंची दाखवणाऱ्या यंत्रावर) 1013 तसाच राहिला, तर काटा खऱ्यापेक्षा पावणेतीनशे ते तीनशे फूट जास्त दाखवेल. डोंगराजवळ ही चूक नेमकी धोक्याच्या बाजूची आहे.

प्रश्न : मे महिन्यात गोंदियाहून दुपारी चारला नागपूरला पोहोचायचे आहे. टॅफमध्ये (विमानतळाच्या हवेच्या अंदाजात) ‘टेम्पो 1509/1513’ आणि पुढे गडगडाटी पाऊस लिहिला आहे. ‘टेम्पो’ म्हणजे थोडा वेळच ना?

आधी वेळ बदलून घ्या. पहिले दोन आकडे तारखेचे, पुढचे दोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) तासाचे. त्यात साडेपाच तास मिळवले की 15 तारखेची दुपारी अडीच ते सायंकाळी साडेसहा ही वेळ येते. हा हिशेब विसरणारे सकाळी नऊ ते एक असे वाचतात आणि ‘वादळ तर ओसरले’ म्हणून निघतात.

‘टेम्पो’चा अर्थ असा : प्रत्येक वेळचा बदल तासाभराहून कमी आणि सगळ्यांची बेरीज त्या कालावधीच्या निम्म्याहून कमी. चार तासांत ही बेरीज दोन तासांच्या जवळ जाऊ शकते. तुम्ही चारला पोहोचाल तेव्हा वादळ नेमके धावपट्टीवर असेल, असेच धरून आखणी करा. एक तर सकाळी निघा, नाहीतर पर्यायी विमानतळापर्यंत जाऊन वर राखीव उरेल एवढे इंधन घ्या. ‘सीबी’ (गडगडाटी वादळाच्या) ढगापासून किमान 20 सागरी मैल दूर राहा. त्याच्या खालून पलीकडचे आकाश दिसले, तरी खालून जायचे नाही.

‘बीकमिंग’साठी (हवा बदलून तशीच राहणार, या नोंदीसाठी) सोपा नियम आहे. हवा बिघडणार असेल तर दिलेल्या कालावधीच्या सुरुवातीलाच बिघडली असे धरा, सुधारणार असेल तर शेवटी. ‘प्रॉब 30’ (30 टक्के शक्यता) बरेचजण सोडून देतात. दहापैकी तीन वेळा वादळ येणार असेल, तर एका इंजिनाच्या छोट्या विमानासाठी ती शक्यता लहान नाही.

टॅफ विमानतळापुरताच असतो. वाटेतल्या हवेसाठी मुंबई एफआयआरचा (मुंबईच्या हवाई माहिती क्षेत्राचा) सिगमेट, म्हणजे धोकादायक हवेचा इशारा, पाहा. तो जास्तीत जास्त 4 तासांचा असतो, चक्रीवादळाचा 6 तासांचा.

प्रश्न : मेटारमधले ‘3000 एचझेड एनएससी’ (दृश्यमानता 3000 मीटर, धुरकट, महत्त्वाचे ढग नाहीत) म्हणजे आकाश निरभ्र, मग उडायला हरकत काय?

एनएससी फक्त एवढेच सांगतो की उड्डाणाच्या दृष्टीने महत्त्वाचे ढग नाहीत. 5000 फुटांच्या वर पांढरी चादर असू शकते. हरकत आहे ती धुरकटपणाची : 3000 मीटर हे 5 किलोमीटरपेक्षा कमी आहे, तेव्हा साधे व्हीएफआर नाही. शिवाय हा आकडा जमिनीवरून दिसणारा. वरून तिरके पाहताना, त्यातही सूर्य समोर असताना, धावपट्टी याहून उशिरा दिसते.

प्रश्न : पुण्यात धावपट्टी 28 (दिशा 280 अंश) वापरात, वारा ‘22014जी26’ (220 अंशांकडून 14 नॉट्स, झोत 26). सेस्ना 172 उतरवावे का?

प्रशिक्षणार्थ्याने नाही. वाऱ्याचा कोन 60 अंश, म्हणजे आडवा वारा सुमारे 0.87 पट. स्थिर 14 नॉट्सचे 12 होतात, ते चालतील, पण 26च्या झोताचे साडेबावीस. या विमानाचा चाचणीत दाखवलेला आडवा वारा 15 नॉट्स आहे. हिशेब नेहमी झोताचा करायचा. झोत मर्यादेत असेल तेव्हा ॲप्रोचच्या (उतरायला येतानाच्या) वेगात झोत आणि स्थिर वारा यांच्या फरकाचा निम्मा भाग मिळवतात. उतरण्याआधी टॉवरचा वारा पुन्हा विचारा : मेटारचा वारा 10 मिनिटांची सरासरी असतो, टॉवरचा 2 मिनिटांची.