शीत, भात आणि उपाधी

विचारलं आहे ते असं: एका उदाहरणावरून सगळ्यांबद्दल बोलणं हा तर्कदोष मानतात. मग ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण तोच दोष शिकवते का? आणि या दोषाला मराठीत नेमका शब्द कोणता?

माझ्या मते म्हण अगदी खरी आहे. फक्त ती भातासाठी आहे, आणि आपण ती माणसांना लावतो.

आधी शब्द बघू. या शिताचा थंडीशी काही संबंध नाही. संस्कृतातलं ‘सिक्थ’, प्राकृतातलं ‘सित्थ’, त्यावरून आपलं ‘शीत’, म्हणजे शिजलेल्या भाताचा एक दाणा. अनेकवचन शितं. कोकणीत मात्र ‘शीत’ म्हणजे ताटात वाढलेला सगळा भात (शीत-कडी म्हणतात तो), आणि ‘भात’ म्हणजे शेतातलं, टरफलासकट. संस्कृतात याच कल्पनेला ‘स्थालीपुलाकन्याय’ म्हणतात. स्थाली म्हणजे पातेली, पुलाक म्हणजे दाणा, आणि न्याय म्हणजे इथे दाखला. पतंजलीच्या महाभाष्यातही, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या जुन्या ग्रंथातही, हा दाखला येतो: पातेल्यातलं समजायला एक दाणा पुरे.

एक दाणा पुरतो तो का? सगळे दाणे एकाच तांदळाचे, एकाच वेळी वैरलेले, एकाच पाण्यात, एकाच आचेवर असतात म्हणून. आई शीत दोन बोटांत चेपून बघते, मध्ये कणी लागली नाही की गॅस बंद करते. घरच्या पातेलीला तेवढं बास. पण गावजेवणाचा भात चुलीवर शिजताना कधी जवळ उभं राहून बघा. पातेलं कमरेएवढं, लाकडं एका बाजूला जास्त धगधगतात, तळ करपायला आलेला आणि वर कणी. आमच्याकडचे आचारी तिथे एका शितावर कधीच विसंबत नाहीत. झारा खालपर्यंत घालतात, कडेचं शीत वेगळं चेपतात, मधलं वेगळं. म्हण त्यांनाही ठाऊक आहे. आच सगळीकडे सारखी नाही, हेही ठाऊक आहे.

या ‘सारख्या आचे’ला न्यायशास्त्रात (कोर्टाचं नव्हे, तर्काचं जुनं भारतीय शास्त्र) फार नेमका शब्द आहे: उपाधी. आज आपण पदवीला उपाधी म्हणतो, संतांच्या बोलण्यात उपाधी म्हणजे संसाराचं लचांड. नैयायिकांची, म्हणजे या शास्त्रातल्या पंडितांची, उपाधी म्हणजे नियमामागे न बोलता उभी असलेली अट. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तलं, म्हणजे 17व्या शतकातलं, उदाहरण बघा: ‘डोंगरावर धूर आहे, कारण तिथे आग आहे.’ ऐकायला पटतं. पण लालबुंद तापवलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर निघायला ओलं सरपण लागतं. ते ओलं सरपण ही इथली उपाधी. ती विसरून नियम सांगितला की तो फसतो.

मला ही म्हण टोचते ती एका आठवणीमुळे. शिकायला शहरात आले तेव्हा खोली शोधत होते. एका घरमालकांनी गावाचं नाव विचारलं आणि दारातूनच सांगितलं, ‘तुमच्याकडच्या एका मुलीने तीन महिन्यांचं भाडं बुडवलं. शितावरून भाताची परीक्षा!’ तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज सांगेन: काका, आमचा जिल्हा म्हणजे एक पातेली नाही. ती मुलगी आणि मी एका आचेवर शिजलेलो नाही. म्हण तुमच्या बाजूने नाही, कारण तिची उपाधीच इथे नाही.

आंब्याच्या पेटीचंही तेच. वरचा थर बघून पेटी घेतली आणि खाली डागी फळं निघाली, तर चूक म्हणीची नाही. वरचा थर कुणीतरी निवडून लावलेला होता. भातातलं शीत असं कुणी निवडून वर आणून ठेवत नाही.

आता दोषाचं नाव. तर्कशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘तर्कदोष’ हा शब्द आहे आणि रोजच्या लिहिण्यात तोच वापरावा. ‘हेत्वाभास’ भारदस्त आहे, पण त्यातला हेतू म्हणजे इरादा नव्हे. तो निष्कर्षाला दिलेला आधार. आधारासारखा दिसतो पण आधार नसतो, तो हेत्वाभास. मराठी वाचकाला ‘हेतू’ दिसला की इरादाच आठवतो, म्हणून हा शब्द जपून वापरावा. जिथे आधार आहे पण निष्कर्ष नाही, अशी जागा सापडली की तिला न्यायशास्त्रात ‘व्यभिचार’ म्हणतात, म्हणजे वाट सोडून जाणं. आज मराठीत तो शब्द एकाच अर्थाला जखडला गेला आहे, त्यामुळे इथे तो लिहिण्यात अर्थ नाही.

एका उदाहरणावरून सगळ्यांना मोजण्याला ‘उतावळं सामान्यीकरण’ म्हणता येईल. मला मात्र बोलताना म्हणच पुरी करायला आवडते: ‘शितावरून भाताची परीक्षा होते, पण पातेली एक हवी.’ समोरच्याने पुन्हा ‘तुमच्याकडचे लोक असेच’ म्हटलं, तर इतकंच विचारावं: पातेली एकच होती का?