सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या गणितात उत्तर निम्मंच का येतं, आणि नॉर्मॅलिटी कशी वापरायची?

तुझं गणित असं आहे ना, २० मिली ०.५ मोलर सल्फ्युरिक न्यूट्रल करायला ०.४ मोलर कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) किती लागेल, तू सरळ एम वन व्ही वन बरोबर एम टू व्ही टू (मोलॅरिटी गुणिले मिली दोन्हीकडे सारखं) लावलंस आणि २५ मिली आलं, पुस्तकात ५०. पुस्तक बरोबर आहे. सल्फ्युरिकच्या एका रेणूत सुटणारे हायड्रोजन दोन, कॉस्टिककडे हायड्रॉक्साइड एकच, मग मोलला मोल लावून कसं भागेल?

मोलॅरिटीला (लिटरमागे किती मोल) एन फॅक्टरने, म्हणजे एका रेणूतून रिअ‍ॅक्शनमध्ये वापरले जाणारे हायड्रोजन किंवा हायड्रॉक्साइड किती त्याने, गुणलं की नॉर्मॅलिटी. ०.५ मोलर सल्फ्युरिक म्हणजे १ नॉर्मल, कॉस्टिक ०.४ च राहतं. १ गुणिले २० भागिले ०.४, झाले ५०.

मी गोव्यात वेर्ण्याला फार्मा कंपनीत क्यूसीत (क्वालिटी कंट्रोल) आहे, टायट्रेशन, म्हणजे थेंबथेंब ओतून किती लागतं ते मोजणं, रोजचंच, आणि माझं मत विचारशील तर सूत्र पाठच करू नको, मिलिइक्विव्हॅलंट मोज. नॉर्मॅलिटी गुणिले मिली, बस. समज ५० मिली ०.२ नॉर्मल एचसीएल, त्यात ३० मिली ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक, वर १०० मिली ०.१ नॉर्मल कॉस्टिक ओतलं. अ‍ॅसिड १० अधिक ३, कॉस्टिक १०, म्हणजे अ‍ॅसिड ३ उरलं. आता भागायचं एकूण १८० मिलीने, १०० ने नाही हां, हायर सेकंडरीची पोरं इथेच मार्क घालवतात. उत्तर ०.०१६७ नॉर्मल. हेच मोल आणि समीकरणं मांडून करायला जा, अर्धं पान जातं.

पण एन फॅक्टर नुसता फॉर्म्युला बघून ठरवू नको. फॉस्फोरिकमध्ये हायड्रोजन तीन, पण फिनॉल्फ्थॅलीन हा इंडिकेटर (शेवट झाल्यावर रंग बदलणारं द्रव्य) घालून टायट्रेट केलं तर दोनच धरायचे, मिथाइल ऑरेंज या दुसऱ्या इंडिकेटरने एकच. सोडियम कार्बोनेटचं उलट, फिनॉल्फ्थॅलीनला १, मिथाइल ऑरेंजला २. म्हणजे बाटली तीच, मोलॅरिटी तीच, आणि नॉर्मॅलिटी रिअ‍ॅक्शनप्रमाणे बदलते, म्हणून तर आययूपीएसीवाले (केमिस्ट्रीचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ती वापरू नका म्हणतात. एंट्रन्सच्या गणितांना मात्र ती अजून कामाला येते.

अ‍ॅसिड वीक (पाण्यात सगळे हायड्रोजन न सोडणारं) असलं तर कॉस्टिक कमी लागतं का, हेही विचारलंयस. नाही लागत. घरात सोरपोतेलसाठी (गोव्याचा पोर्कचा पदार्थ) आणलेलं माडाचं व्हिनेगर असेलच, त्यातलं १० मिली कॉलेजच्या लॅबमध्ये पाणी घालून १०० मिली कर, त्यातलं १० मिली पिपेटने घे आणि ०.१ नॉर्मल कॉस्टिकने टायट्रेट कर. रीडिंग ६.७ मिली आलं तर पातळ केलेलं ०.०६७ नॉर्मल, मूळचं ०.६७, त्याला अ‍ॅसेटिकच्या ६० ने गुण, लिटरला साधारण ४० ग्रॅम, म्हणजे ४ टक्के. वीक असल्याचा फरक पडतो तो शेवटच्या पीएचला, तो ७ च्या वर जातो, म्हणून इथे फिनॉल्फ्थॅलीनच घालायचं, मिथाइल ऑरेंज घातलंस तर रंग कितीतरी आधीच बदलायला लागेल आणि रीडिंग फुकट जाईल.