मशीन सरकारचं, मग सॅम्पलचे पैसे कशाला?

प्रश्न : मी कोल्हापुरात पीएचडी करतेय. सेमला (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला) सॅम्पल द्यायचं तर पैसे भरा, वर महिनाभर नंबर लागत नाही, आणि मागच्या आठवड्यात ऑपरेटर रजेवर म्हणून मशीनच बंद. मशीन सरकारी ग्रँटमधून आलंय ना, मग आमच्याकडून पैसे का घेतात?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, ग्रँटमधून मशीन येतं, पण ते पुढं चालवायचा खर्च त्यात बसतोच असं नाही, आणि खरी गोची तिथंच आहे. वॉरंटी संपली की एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं, बिल सुरू होतं, एसी आणि यूपीएस चोवीस तास चालू, टंगस्टनवालं सेम असेल तर फिलामेंट (इलेक्ट्रॉन सोडणारी तार) सारखं बदलायला लागतं, आणि सॅम्पल कंडक्टिंग, म्हणजे वीज वाहणारं, नसेल तर वर सोन्याचा थर द्यायचा, ते सोनं पण विकतच आणायचं. एनएमआरचं, म्हणजे मोठ्या मॅग्नेटनं रेणूंची रचना शोधणाऱ्या मशीनचं, तर विचारूच नका. त्याचं मॅग्नेट उणे २६९ डिग्रीच्या लिक्विड हेलियममध्ये बुडालेलं असतं, तुम्ही सॅम्पल लावा नाहीतर नका लावू, हेलियम हळूहळू उडतंच, आणि ते येतं परदेशातून. भोवतीचा लिक्विड नायट्रोजन तर साधारण दर आठवड्याला भरायला लागतो, मग गणपती असू दे नाहीतर दिवाळी. लक्ष नाही दिलं आणि हेलियमची लेव्हल फार खाली गेली तर मॅग्नेट क्वेंच होतं, म्हणजे एकदम तापून बंद पडतं, उरलेलं हेलियम गॅस होऊन बाहेर, आणि पुढं लाखांचा खर्च.

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते त्या ऑपरेटरचं. मशीन कोटीचं आणि ते चालवणारा पोरगा अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, हे बऱ्याच ठिकाणी चालतं. त्याचा हात बसायला वर्ष-दीड वर्ष जातं, मग एखादी कंपनी दुप्पट पगार देऊन नेते, आणि इथं परत पहिल्यापासून सुरुवात! माझं स्पष्ट मत आहे, प्रत्येक मोठ्या मशीनमागं दोन शिकलेली माणसं पाहिजेत, त्यातला एक तरी कायम, आणि हे ग्रँट मागतानाच प्रपोजलमध्ये लिहून घ्यायला पाहिजे.

तुमच्या फीमधून हा सगळा खर्च निघत नाही बरं का. म्हणूनच इंडस्ट्रीचा रेट वेगळा, जास्त असतो. शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांची कामं वाढली तर विद्यार्थ्यांचा रेट कमी ठेवायला सेंटरला जमतं.

तोवर एक करा, आधी एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघायची टेस्ट) काढून बघा आणि त्यात जमलेलीच सॅम्पल सेमला द्या, नीट वाळवून द्या, ओलसर सॅम्पलनं व्हॅक्यूम बिघडतो. २०२० पासून आय-स्टेम पोर्टल आहे, देशभरातली मशीन तिथं दिसतात, दुसरीकडं लवकर नंबर लागतोय का बघा. आणि गाईडना सांगून टेस्टिंगचे पैसे प्रोजेक्टच्या बजेटमध्ये आधीच धरा, स्वतःच्या फेलोशिपमधून भरू नका.