युंगफ्राऊला विंडचीटर, रोमला ओढणी

युरोपातल्या मे महिन्यातल्या सहली आणि डिसेंबरची सुट्टी, दोन्हींची पत्रं या वेळी एकदम आली आहेत. निम्म्याहून अधिक पत्रांत प्रश्न एकच: जाडजूड जाकीट कुठून घ्यावं? जाकीट सगळ्यात शेवटी घ्या आणि बूट सगळ्यात आधी, हे आमचं उत्तर अनेकांना नावडेल. तरी तेच देतो.

प्रश्न : आम्ही दोघं साठीच्या पुढचे. २० मेपासून चौदा दिवसांची बसची सहल आहे. पॅरिस, स्वित्झर्लंड, मग व्हेनिस आणि रोम. कॅनडाहून आलेल्या पुतण्याचं जाड जाकीट मिळतंय, तसंच दुसरं विकत घ्यावं का? (सांगली)

घेऊ नका, आणि पुतण्याचंही परत करा. ते उणे वीस अंशांसाठी शिवलेलं असतं. मेअखेरीस पॅरिसमध्ये दुपारी वीसच्या आसपास आणि पहाटे दहा-बारा अंश असतात, रोममध्ये दुपार पंचविशीला टेकते. चौदा दिवसांत खरी थंडी फक्त स्वित्झर्लंडच्या युंगफ्राऊ किंवा टिटलिस या बर्फाच्या डोंगरांवर, तीही दोन-तीन तास. त्यासाठी दीड किलोचं बोचकं बसच्या वरच्या फळीवर पंधरवडाभर फिरवायचं कशाला?

हिशेब असा. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. इंटरलाकेन ५७० मीटरवर आहे, युंगफ्राऊयोखचं स्टेशन ३,४५४ मीटरवर. म्हणजे खाली सकाळी वीस अंश असतील तर वर जेमतेम एक, आणि वर वारा असतो तो वेगळाच. वरचा बर्फमहाल तर मुद्दाम उणे तीन अंशांवर ठेवलेला असतो. पण स्टेशन आणि जेवणघर उबदार असतं. म्हणजे एकाच दुपारी तुम्ही पाच-सहा वेळा गारठ्यातून उबेत जाता. जाड जाकिटाला दोनच अवस्था असतात, घातलेलं किंवा काखेत धरलेलं. थर असले की हवा तेवढेच काढता-घालता येतात.

अंगाला लागून थर्मल, तेही घट्ट. सैल असलं तर आतली हवा हलत राहते आणि ऊब टिकत नाही. त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कापडाचं उबदार जाकीट, चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपासचं. त्याच्यावर वारा अडवणारं पातळ विंडचीटर, ते फ्लीसवर ओढून खांदे मोकळे फिरतील इतपत मोठं. तीन्ही मिळून किलोभरात बसतात. हेच फ्लीस पॅरिसच्या संध्याकाळी आणि विमानात चालतं, विंडचीटर पावसात चालतं. सुती बनियन मात्र डोंगरावर नको. सूत घाम पिऊन धरून ठेवतं आणि तो ओलावा अंगाची ऊब ओढून घेतो.

चुकतं ते बसमध्ये. लोक सकाळी हॉटेलातूनच थर्मल घालून निघतात, उबदार बसमध्ये दोन तास घामाघूम होतात आणि ओल्या अंगाने बर्फावर उतरतात. वरच्या अंगाचं थर्मल पाठपिशवीत ठेवा आणि खालच्या स्टेशनवर चढवा. पिशवी बसमध्ये विसरू नका, बस खालीच राहते.

दुसरी चूक पायांची. घट्ट बुटात मोज्यांचे दोन जोड कोंबले की रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. लोकरीचा एकच जोड घाला. काळा चष्मा ही तिथे हौस नाही. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, ढग असले तरी डोळे चुरचुरतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी तर विसरूच नये. कानटोपी पातळ लोकरीची पुरते. माकडटोपीही चालेल, फक्त ती फोटोत कायमची राहते.

प्रश्न : आई ७२ वर्षांची आहे, साडीच नेसते, पंजाबी ड्रेसला तयार नाही. युरोपात साडी झेपेल का? (नाशिक)

झेपेल. साडी बदलण्यापेक्षा तिच्या आतलं आणि तिची उंची बदला.

कापड जॉर्जेट किंवा क्रेपचं. धुतलं की रात्रीत वाळतं, चुरगळत नाही, आणि अशा तीन साड्या मिळून दीड किलोच्या आतबाहेर. खळ घातलेली सुती साडी सुटकेसमधून बाहेर काढताच रडवेली दिसते. लांबी घोट्याच्या वर चार-पाच सेंटिमीटर ठेवा, नाहीतर ओल्या फरशीचं पाणी काठातून पिंढरीपर्यंत चढतं. आधी बूट घालून मगच नेसवा म्हणजे उंची अचूक येते. परकराच्या आत घोट्यापर्यंतचं थर्मल. ब्लाउजऐवजी गोल गळ्याचं, पूर्ण बाह्यांचं गडद थर्मल किंवा लोकरीचा पातळ टॉप घातला तर ब्लाउजवर स्वेटर चढवल्याचा फुगीरपणा जातो आणि दिसतंही छान. नऊवारी नेसणाऱ्यांना तर चालायला सोपंच, पाय मोकळे राहतात.

पदर खांद्यावर पिन करून उरलेलं टोक कमरेला खोचा. सरकत्या जिन्यावर पदर आणि निऱ्या दोन्ही सांभाळायला हवेत. पॅरिस आणि लंडनच्या मेट्रोत हे जिने लांबलचक आहेत, कडेच्या फटीत कापड गेलं तर ओढलं जातं. शक्य तिथे लिफ्ट घ्या. पण पॅरिसच्या जुन्या स्टेशनांपैकी बऱ्याच ठिकाणी ती नाही, तेव्हा आईला पायरीच्या मधोमध उभं करून तुम्ही एक पायरी खाली उभे राहा.

हिवाळ्यात जाणार असाल तर आणखी एक. हीटरच्या कोरड्या हवेत सिंथेटिक साडी पायांना चिकटून चटचट करते. परकर सुती ठेवा आणि पायांना क्रीम लावा, त्रास बराच कमी होतो. आणि साडीवर स्पोर्ट्स शूज कसे दिसतील ही काळजी सोडा. राखाडी किंवा काळ्या एकरंगी बुटांकडे कोणी बघत नाही.

प्रश्न : चर्चमध्ये जाताना डोकं झाकावं लागतं का? (पणजी)

कॅथलिक चर्चमध्ये आता नाही. खांदे आणि गुडघे मात्र झाकलेले हवेत, बाईचे आणि पुरुषाचेही. व्हॅटिकनचं सेंट पीटर्स, सिस्टीन चॅपल, व्हेनिसचं सेंट मार्क्स, मिलानचं ड्युओमो, सगळीकडे हा नियम आहे, आणि सेंट पीटर्सच्या दारावरून तर उन्हात तासभर रांग लावलेल्यालाही परत पाठवतात. बहुतेक वेळा अडकतात ते बर्म्युडा घातलेले नवरे. पुरुषांनी आत टोपी काढायची असते. बायकांसाठी ओढणीसारखी वस्तू नाही: खांद्यावर घ्या, आखूड स्कर्टवर कमरेला गुंडाळा, ट्रेनमध्ये पांघरा. सुती, अडीच मीटरची, गडद रंगाची एक जवळ ठेवाच.

प्रश्न : बूट कसे निवडावेत? घरात तीन-चार वर्षांपूर्वीचे महागडे ट्रेकिंग शूज न वापरता पडून आहेत, तेच नेऊ का? शिवाय कोल्हापुरी न्यायची फार इच्छा आहे. (रत्नागिरी)

आधी त्या जुन्या बुटांचं. अनेक ट्रेकिंग शूजचा मधला तळ पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा असतो आणि दमट हवेत तो न वापरताही आतून कुजतो. कोकणात तर लवकरच. वरून बूट नवाकोरा दिसतो, पण दोन-तीन तास चाललं की तळ तुकड्या-तुकड्यांनी गळतो. अंगठ्याने तळाची कड जोरात दाबा. भेग पडली, भुगा निघाला किंवा चिकट लागलं तर मोह सोडा. तळ टणक वाटला तरी इथेच आठवडाभर रोज पाच किलोमीटर चालून बघा आणि मगच ठरवा.

नवे घ्यायचे तर संध्याकाळी दुकानात जा, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात आणि प्रवासात ते तसेच सुजतात. नेणार तेच मोजे घालून बघा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, टाच मात्र हलता कामा नये. टाच हलत असेल तर लेस सर्वांत वरच्या भोकातूनही ओवा, बरेच जण ते भोक रिकामं ठेवतात. रोम किंवा प्रागचे दगडी रस्ते म्हणजे उंचसखल चौकोनी ठोकळे. फार पातळ तळव्यातून प्रत्येक ठोकळा पायाला कळतो, आणि फार मऊ, जाड तळव्यावर घोटा मुरगळतो. मधला निवडा, खाली रबराची नक्षी असलेला. निघण्याच्या आधी किमान दोन आठवडे वापरात हवेत.

फोड येतो तो ओलावा आणि घर्षण एकत्र आले की. म्हणून मोजे सुती नकोत, लोकर किंवा सिंथेटिक मिश्रणाचे घ्या. टाच नुसती गरम वाटू लागली की तेव्हाच थांबून चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर तिचा उपयोग अर्धाच. जोड दोन न्या आणि आलटून-पालटून घाला, दिवसभराचा घाम सुकायला बुटाला पूर्ण दिवस लागतो. भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी बदला, हीटरवर ठेवू नका, डिंक सुटतो.

कोल्हापुरीचं म्हणाल तर मिलानच्या रॅम्पवर २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने तशाच चपला उतरवल्या आणि केवढा गहजब झाला, तेव्हा फॅशनची काळजी नको. काळजी पाण्याची. वनस्पतींच्या अर्काने कमावलेलं ते कातडं पाणी पितं, फुगतं, आणि गुळगुळीत तळ ओल्या दगडावर घसरतो. कोरड्या संध्याकाळी जेवायला जाताना घाला, दिवसाच्या भटकंतीला नाही. आणि अथेन्सला जाणाऱ्या मुलींसाठी: ग्रीसमधल्या प्राचीन स्थळांवर उंच टाचांना २००९ पासून बंदी आहे. टोकदार टाच संगमरवराला इजा करते. शिवाय अ‍ॅक्रोपोलिसचा झिजलेला संगमरवर कोरडा असतानाही घसरतो.

प्रश्न : स्कूटरवरचा रेनकोट चालणार नाही का? (पुणे)

पाणी अडवेल, घाम नाही सोडणार. तो रबरी लेपाचा असतो, चालताना अर्ध्या तासात आतून भिजवतो. विंडचीटर घेताना पाणी अडवण्याचा आकडा बघा. शहरातल्या सरींना ५,००० मिलिमीटर पुरतो, दिवसभर पावसात फिरायचं असेल तर १०,०००. आकड्यापेक्षा महत्त्वाची शिवण. आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेली नसेल तर पाणी सुईच्या भोकांतून येतं. जाकीट जुनं झालं की थेंब ओघळून न जाता कापडात मुरू लागतात. सौम्य साबणाने धुऊन, लेबलवर परवानगी असेल तर मंद उष्णतेवर ड्रायरमध्ये फिरवलं की बऱ्याचदा सुधारतं. छत्री पॅरिसला ठीक, ॲमस्टरडॅमच्या वाऱ्यात ती उलटते. टोपीचं विंडचीटरच बरं.

प्रश्न : डिसेंबरमध्ये मैत्रिणींबरोबर नऊ दिवस व्हिएन्ना, प्राग, बुडापेस्ट. फक्त केबिन बॅग, सात किलो. ख्रिसमस मार्केटमधले फोटो चांगले यायला हवेत! (ठाणे)

मग पैसे कोटावर घाला, कारण सगळ्या फोटोंत तोच दिसणार आहे. आतला नवा टॉप कोणाला दिसत नाही. गुडघ्यापर्यंतचा, लेबलवर निम्म्याहून अधिक लोकर असलेला कोट घ्या, नेव्ही, कॅमल किंवा गर्द हिरवा. संपूर्ण ॲक्रिलिकचा कोट दिसतो तसाच, पण वारा त्यातून आरपार जातो. विकत घेताना आत पातळ पफर, म्हणजे पिसं किंवा तंतू भरलेलं फुगीर जाकीट घालून बटणं लावून बघा, कारण थंडी तेच पफर अडवणार आहे. पिसांचं असेल तर ओलं होऊ देऊ नका, पिसं गोळा होतात आणि ऊब संपते. रंगाची हौस मफलर आणि टोपीवर भागवा, दोन-तीन न्या, त्यांचं वजन कितीसं.

कोट, पफर, बूट आणि जड स्वेटर विमानात अंगावर. बॅगेत थर्मलचे दोन संच, एक पातळ स्वेटर, लोकर मिश्रणाची किंवा आतून फ्लीस असलेली एक पॅन्ट (दुसरी अंगावर), दोन कुर्त्या, आतले कपडे पाच, मोजे चार जोड. जीन्स वगळा. एकट्या जीन्सचं वजन सहा-सातशे ग्रॅम, सूत असल्याने ऊब नाही, आणि भिजली की दोन दिवस वाळत नाही. ऑपेराला जायचं असेल तर कोट-टायची सक्ती नसते, काळ्या पॅन्टवर खणाचं जाकीट घाला, घडी चारबोटी होते. कोट तिथे क्लोकरूममध्ये द्यावा लागतो, तेव्हा मोबाइल आणि पासपोर्ट कोटाच्या खिशात ठेवू नका.

मार्केटमध्ये थंडी खालून येते. तासभर एका जागी उभं राहिलं की दगडाचा गारवा तळव्यातून चढतो, म्हणून बुटाचा तळ जाड हवा आणि आत फेल्टचा किंवा लोकरीचा सुखतळा.

धुण्याचं तंत्र एक शिकून घ्या. बेसिनमध्ये शाम्पूने धुवा, पिळू नका. कोरड्या टॉवेलवर कपडा पसरून दोन्हींची घट्ट वळकटी करा, गुडघ्याने दाबा, मग टांगा. थर्मल सकाळपर्यंत वाळतं. लोकर थेट हीटरवर टाकू नका.

प्रश्न : मंगळसूत्र, पैसे, पासपोर्ट कुठे ठेवावेत? (सोलापूर)

सोनं घरी. पॅरिसची मेट्रो, रोमची ६४ नंबरची बस आणि बार्सिलोनाचा रांब्ला रस्ता खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहेत. काळ्या मण्यांची साधी पोत घाला. कुर्तीला आतून, कमरेच्या वर, चेनचा खिसा शिंप्याकडून शिवून घ्या, पासपोर्ट मावेल म्हणजे १४ बाय १० सेंटिमीटर, आणि शिवण दुहेरी. पुरुषांची मागच्या खिशातली पाकिटं म्हणजे आमंत्रणच.

प्रश्न : फ्रान्समध्ये हॉटेलजवळच्या सार्वजनिक तलावात पोहता येईल का? मुलांकडे बर्म्युडा आहेत. (कोल्हापूर)

बर्म्युडा घालून आत सोडणार नाहीत. फ्रान्सच्या नगरपालिकेच्या तलावांवर मुलांना आणि पुरुषांना अंगाला घट्ट बसणारी पोहण्याची चड्डीच लागते, कारण सैल चड्डी बाहेरही घातली जाते आणि घाण पाण्यात येते असं त्यांचं म्हणणं. बहुतेक ठिकाणी डोक्याला टोपीही सक्तीची, टक्कल असलं तरी. टी-शर्ट आणि लेगिंग घालून बायकांनाही पाण्यात उतरू देत नाहीत. घट्ट चड्डी आणि टोपी इथूनच घेऊन जा. काही तलावांवर ती विकणारी यंत्रं असतात, पण मुलाच्या मापाची मिळेलच असं नाही.