हेअरस्टायलिस्ट म्हणून स्वतःचे कायमचे क्लाएंट कसे जोडायचे?

तुम्ही लिहिलंय की कोर्स झाला, दुसऱ्याच्या सलूनमध्ये २ वर्षं काढली, रीलला लाइक्सही भरपूर येतात, पण एकदा येऊन गेलेलं माणूस परत येत नाही. आणि शेवटी सीनियरचा सल्ला: ‘क्लाएंटला नाही म्हणायचं नाही, नाही म्हटलं की तो तुटला.’ खरं सांगायचं तर या एका वाक्यासाठी मी लिहायला बसले. हेच वाक्य मीही नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ऐकलंय, आणि ते साफ चूक आहे.

एक बाई आल्या होत्या. केस कमरेच्या खाली, हातात हायलाइट्सचा फोटो, कार्यक्रम ३ दिवसांवर. केसांना काय काय लावलंय विचारलं, तर म्हणाल्या, ‘काही नाही हो, फक्त मेंदी.’ पण मुळाशी केस तपकिरी आणि खाली निळसर काळे, हाताला खरखरीत. शुद्ध मेंदीने केस लालसर होतात, काळे होत नाहीत. ‘काळी मेंदी’ म्हणून जे पाकिटात येतं त्यात नीळ (कपड्यांची नव्हे, इंडिगोच्या पानांची पूड) असते, नाहीतर रासायनिक रंग, नाहीतर धातूचे क्षार. हे क्षार आणि पेरॉक्साइड, म्हणजे हायलाइट्ससाठी केसांचा रंग उतरवायला लागतं ते रसायन, एकत्र आले की केस आतून तापतो.

मी मानेवरच्या आतल्या थरातली बारीक बट कापली, दोऱ्याने बांधली आणि काचेच्या वाटीत २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड आणि अमोनियाचे दोन-चार थेंब घालून त्यात सोडली. अर्धा तास थांबायचं असतं. इथे काही मिनिटांतच बुडबुडे यायला लागले, वाटीला बोट लावलं तर कोमट, आणि एक घाणेरडा वास. बट बाहेर काढून चिमटीत ओढली तर रबरासारखी ताणली आणि तुटली. मी बाईंना वाटी दाखवली आणि म्हटलं, आज हे होणार नाही.

सर, म्हणजे माझे सीनियर, आले. त्यांनी वाटीत पाहिलं. मग सगळ्यांसमोर मला म्हणाले, ‘आलेलं गिऱ्हाईक घालवायला तुला ठेवलंय का?’ आणि स्वतः लाइटनर, म्हणजे रंग उतरवायचं मिश्रण, कालवायला घेतला. दहा-बारा मिनिटांत बाई म्हणायला लागल्या, डोक्यावर चटका बसतोय. मी फॉइल उघडलं तर वाफ आली. धावत बेसिनवर नेलं, पाणी सोडलं, आणि केस माझ्या बोटांना गुंडाळून हातात आले. बाईंना ते अजून दिसलं नव्हतं. मी एका हाताने पाणी चालू ठेवलं, दुसरा हात त्यांच्या कपाळावर ठेवला आणि तशीच उभी राहिले. सरांनी त्यांना सांगितलं, ‘तुमचे केसच कमकुवत होते.’ मालकांना सांगितलं, मिश्रण ज्युनियरने केलं होतं.

चार महिन्यांनी त्या बाई परत आल्या आणि काउंटरवर म्हणाल्या, ‘त्या दिवशी नको म्हणाली होती ती मुलगी आहे का?’ मी खराब झालेला भाग काढून खांद्यापर्यंतचा कट दिला. तेव्हापासून त्या दर ७ आठवड्यांनी येतात. पुढे मी स्वतःची खुर्ची टाकली तेव्हा वहीतल्या पहिल्या ११ नावांपैकी ६ त्यांच्या ओळखीतली होती.

आता तुमचं. केस धुवायच्या आधी, कोरडे असताना पाहा, हात लावून पाहा. ओला केस ताणतो, भोवरा लपतो, कुरळेपणा सुटतो, आणि मग वाळल्यावर कट आखूड दिसतो. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे ३६ सेंटिमीटरच्या केसाचं टोक ३ वर्षांचं झालेलं असतं. म्हणून ‘गेल्या महिन्यात काय लावलं’ विचारून भागत नाही, ३ वर्षांचं विचारायचं.

वही ठेवा. रंगाचा नंबर, डेव्हलपर (रंगात मिसळायचं पेरॉक्साइड), किती वेळ ठेवला हे सगळेच लिहितात. मी ‘कपाळावर डावीकडे भोवरा, पुढचे केस आखूड नकोत’ हेही लिहिते, आणि ‘मान दुखते, बेसिनवर टॉवेलची घडी’ हेही. दुसऱ्या भेटीत न विचारता ती घडी मानेखाली गेली की माणूस तुमचा झाला. आणि खुर्चीतून उठायच्या आधी पुढची तारीख ठरवा. आखूड कट ६-७ आठवड्यांत दीड सेंटिमीटर वाढून आकार सोडतोच, तेवढं स्पष्ट सांगितलं तर कुणाला आग्रह वाटत नाही.

दुसरं, कट घरी धुतल्यावरही बसला पाहिजे. १९६० च्या दशकात ब्रिटिश हेअरड्रेसर व्हिडाल ससून यांनी नुसत्या कापण्याच्या जोरावर आकार धरणारे कट आणले, तेव्हा दर आठवड्याला सेट करून घ्यायला येण्याची गरजच उरली नाही. धंदा बुडायला हवा होता, उलट त्यांचं नाव जगभर झालं. ब्लो-ड्रायवर झाकलेला कट मात्र पहिल्या अंघोळीत उघडा पडतो. तुमची माणसं परत का येत नाहीत, याचं उत्तर बहुतेक इथेच असेल. रील टाका, पण महिन्याभराने त्याच व्यक्तीचा घरी धुतलेल्या केसांचा फोटो मागवून तोही टाका.

एक सांगायचं राहिलं. ‘नाही’ म्हणायचं ते रसायनाला आणि केसाच्या ताकदीला. आवडीला नाही. ‘तुमच्या चेहऱ्याला शोभणार नाही’ असं म्हणून मीही सुरुवातीला काही जणी गमावल्या, तो माझा आगाऊपणा होता. आणि रंगाआधी ४८ तासांची पॅच टेस्ट (थोडासा रंग त्वचेवर लावून अ‍ॅलर्जी येते का पाहणं) मात्र दर वेळी, जुन्या क्लाएंटलासुद्धा. अ‍ॅलर्जी दहाव्या वेळीही उमटू शकते.

पैशाचंही मान्य करते. मी पहिलं वर्ष निभावलं ते घरात दुसरा पगार होता म्हणून. तुम्ही कमिशनवर असाल तर उद्याच सीनियरशी भांडू नका. बट कापा, वाटीत टाका आणि वाटी क्लाएंटसमोर ठेवा. माझ्या सरांनी ती पाहिली होती, हे मी आजही विसरलेले नाही.